माघारी बाई

शिकवणी घेणारी बाई दारात आलेल्या मुलाला परत पाठवते, असं कुठे ऐकलंय? आमच्या बाई पाठवायच्या. आईबाप पोराला घेऊन, चपला नीट जोडून ठेवून, अजिजीच्या चेहऱ्यानं आत जायचे आणि थोड्या वेळानं त्याच पोराला घेऊन तोंड पाडून बाहेर यायचे. "घेऊन जा माघारी," हे बाईंचं वाक्य नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सगळ्या कॉलनीला पाठ होतं. त्यांना आडनाव होतं, दाराच्या पाटीवर ते लिहिलेलंही होतं. पण विचारायचं झालं तर लोक "माघारी बाईंचं घर कुठलं?" असंच विचारायचे, आणि रिक्षावालासुद्धा बरोबर दारात आणून सोडायचा.

बाई पुस्तक उघडत नसत. कुणी प्रगतिपुस्तक पुढे केलंच तर ते उपडं घालून बाजूला ठेवत. दाराशी बुटक्या स्टुलावर बसून, मांडीत सूप घेऊन भावाकडून आलेला घोटीचा तांदूळ निवडत राहायच्या आणि खाली मान घालूनच मुलाला विचारायच्या, "तुला काय येत नाही ते सांग." एवढीच परीक्षा. जो म्हणेल "मला सगळं येतं", त्याला ठेवून घ्यायच्या. जो म्हणेल "मला काहीच येत नाही", त्यालाही. पण एखादं पोर चाचरत का होईना सांगू लागलं, की अपूर्णांकांची बेरीज येते पण छेद सारखा का करायचा ते कळत नाही, की सूप खाली. "घेऊन जा माघारी. आपलं कुठं अडतं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला माझी काय गरज? शाळेत शिक्षक आहेत, त्यांना विचारेल." मुलाकडे बघत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मोठ्या माणसानं रोखून बघितलं की पोर खरं बोलत नाही, आपल्याला हवं ते बोलतं."

मलाही त्यांनी माघारी पाठवलेलं आहे. आठवीला हायस्कूलमध्ये नाव घातलं तेव्हा आई मला घेऊन गेली होती. काय येत नाही म्हणून विचारल्यावर मी म्हटलं, "गणितात अक्षरं कशाला आणतात तेच कळत नाही. आकडे संपले का?" बाई इतक्या हसल्या की सुपातला तांदूळ सांडला. आई मात्र घरी येईपर्यंत धुसफुसत होती. "हिला शिकवणी नको म्हणे! सगळ्यांच्या पोरी जातात, आमचीच काय ती मोठी सरस्वती लागून गेली!" तिला वाटलं, बाईंनी आपल्याला कटवलं. त्या काळी माघारी जाणं हा अपमान होता.

"शिकवणी म्हणजे काठी," बाई म्हणायच्या. "ज्याचा पाय मोडलाय त्याच्या हातात द्यावी, आणि पाय बरा झाला की काढूनही घ्यावी. धडधाकट पोराला काठी धरून चालवलं तर त्याचा पाय वाळतो." काढून घेण्यातही त्या पक्क्या. मखमलाबादकडच्या एका फूलवाल्यांची मुलगी त्यांच्याकडे येत असे. पहाटे मळ्यातली फुलं तोडून मग शाळेत जाणारी. काहीही विचारा, "येतं बाई" म्हणायची, आणि पेपरात भोपळा. बाईंनी वर्षभर तिच्यासाठी जीव काढला. एके दिवशी ती पोरगी मध्येच म्हणाली, "थांबा बाई, हे तुम्ही आत्ता केलंत ना, त्याच्या आधीच मी हरवले." बाईंनी खडू ठेवला, तिच्या आईला बोलावलं आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना तिला माघारी पाठवलं. आई रडकुंडीला आली. पोरगी पास झाली, आणि मग दर दसऱ्याला बाईंच्या दाराला त्या घरचं झेंडूचं तोरण लागायला लागलं.

एरवी बाईंचं बोलणं अगदी पुस्तकी, स्वच्छ. राग आला की मात्र माहेरची घोटी बाहेर यायची. बँकेतले एक साहेब आपल्या मुलाला तोंडच उघडू देईनात. प्रश्न पोराला, उत्तर साहेबांचं. बाईंनी दोनतीनदा ऐकून घेतलं आणि मग सुपावर थाप मारून म्हणाल्या, "तुमाला इचारलं का? पोरगं लय शहाणं हाय, दम तुमालाच नाय!" साहेब असे गप्प झाले की जाताना नमस्कार करायचंही विसरले. बाईंना मूलबाळ नव्हतं, यजमान लवकर गेलेले. त्यामुळे कुणाच्या मुलावरून बोलायचा तुम्हाला काय अधिकार, असं त्यांना तोंडावर कुणी विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, कोण जाणे. विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे दिवस बदलले आणि आमची कॉलनी तर दिवसांच्याही चार पावलं पुढे. माघारी जाणं हा अपमान राहिला नाही, तो शिक्का झाला. "आमच्या ओजसला बाईंनी माघारी पाठवलं हं," असं समोरच्या फ्लॅटमधली वैशाली लिफ्टमध्ये सांगायची, मुलाला स्कॉलरशिप मिळाल्यासारखं. आणि पुढचं वाक्य काय? "एवढं डोकं आहे तर वाया कशाला घालवायचं? अकॅडमीत टाकलाय. इंजिनिअरिंगच्या फाउंडेशनला." म्हणजे ज्या मुलाला शिकवणी नको असं बाई सांगत, त्यालाच हुडकून सगळ्यात मोठ्या शिकवणीत कोंबायचं! असला उलटा न्याय आमच्याच लोकांना सुचू जाणे. बाईंच्या दारातून माघारी निघालेली पोरं सरळ रस्ता ओलांडत होती, आणि मान सुपात घालून बसलेल्या बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

रस्ता ओलांडत होती म्हणजे शब्दशः. बाईंच्या घरासमोर पूर्वी मंगल कार्यालय होतं, ते पाडून तिथं ही अकॅडमी उभी राहिली होती. चार मजले, सगळ्या काचा काळ्या. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नसे. शाळा सुटली की थोड्या वेळानं पोरं तिथे, ती दिवेलागणीनंतर बाहेर. सुटायच्या वेळी मी एकदा भाजी घेऊन तिथून चालले होते. एवढी मुलं जिना उतरताहेत, पण आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही, कुणी कुणाला हाकसुद्धा मारत नाही. नुसता पायांचा आवाज. आमच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात आणि काचा फोडतात म्हणून आम्ही बायका पूर्वी किती भांडलोय! आता कुणाची एक काच फुटत नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या मनवाची सातवी संपली. जूनपासून आठवी, हायस्कूल. माझा नवरा नितीन सातपूरला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं, अकॅडमी. तो निफाडकडच्या खेड्यातून आलेला. इंजिनिअर व्हायचं होतं, गणितानं घात केला. "मला बारावीत गेल्यावर कळलं की बाकीची पोरं आठवीपासून पळताहेत," तो म्हणायचा. "मला शिट्टी वाजल्याचं कुणी सांगितलंच नाही, शुभा." माझं स्वतःचं म्हणणं? खरं सांगू, मला म्हणणंच नव्हतं. आज वाटायचं, खेळू दे पोरीला. उद्या वाटायचं, मोठी झाल्यावर हीच म्हणेल, आई, सगळे गेले तेव्हा तू मला घरी का बसवलंस? शेवटी ठरलं, बाईंना विचारू. नितीन एका पायावर तयार झाला. त्याची खात्री होती की बाई तिला माघारी पाठवणार, आणि मग प्रश्नच मिटला.

मे महिन्यातल्या दुपारी मी मनवाला घेऊन गेले. बाई खूप उतरलेल्या दिसल्या, पण सूप होतं, तांदूळ होता, आणि प्रश्नही तोच होता. मनवानं जरा विचार केला आणि म्हणाली, "बाई, सगळं अणूंचं बनलंय म्हणतात. आणि अणूमध्ये बरीचशी जागा रिकामीच असते म्हणतात. मग मी या फरशीतून खाली का पडत नाही, ते मला कळत नाही." मी मनात म्हटलं, झालं, निघालो माघारी. पण बाईंनी सूप खाली ठेवलं नाही. मनवाला पाणी आणायला आत पाठवलं आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"शुभा, मी हिला माघारी पाठवली तर हिचे बाबा काय करतील?"

मी नुसतं रस्त्यापलीकडे बघितलं.

मग बाईंनी ओजसची गोष्ट सांगितली. थंडीच्या दिवसांत एका दुपारी त्या दार उघडून बघतात तो पायरीवर एक मुलगा बसल्या बसल्या झोपलेला. दप्तर पाठीला तसंच. आत घेतला, निजवला, डोक्यावरची टोपी काढली, तर टाळूवर केसच नाहीत. आधी त्यांना काही रोग वाटला. मग झोपेतच त्या पोराचा हात वर गेला, त्यानं उरलेल्या केसांतला एक उपटला आणि मुठीत घट्ट धरून ठेवला. "मी त्याला ओळखलं गं. माघारी पाठवलेला माझा. केवढा बोलका होता! उठल्यावर विचारलं, बाळा, तुला काय येत नाही? तर म्हणतो, सगळं येतं." बाईंची बोटं सुपातल्या तांदळात थांबली. "मी माघारी पाठवते म्हणजे पोर घरी जातं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते."

मनवा पाणी घेऊन आली. बाईंनी तांब्या हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "ठेवून जा हिला." आणि निघताना दाराशी हळूच, "मी काही शिकवणार नाही हं. पण माझ्याकडे असेल तोवर ती दुसरीकडे नसेल." मी मान हलवली. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून नितीनला फसवायचं ठरवलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही, धास्ती मात्र पहिल्या दिवसापासून वाटली.

नितीनला सांगितलं, बाईंनी ठेवून घेतलंय. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कच्ची आहे आपली मनवा?" मग म्हणाला, "मग तर अकॅडमीच हवी." आता बोला! माघारी आली असती तर हुशार म्हणून अकॅडमी, ठेवून घेतली तर कच्ची म्हणून अकॅडमी. आड आणि विहीर दोन्ही त्याच घरची. "बाईंनी ठेवलंय ना, एक वर्ष तर बघू," असं म्हणून मी कसंबसं निभावलं. त्या जूनमध्ये बाईंनी आलेलं एकही मूल परत पाठवलं नाही. कॉलनीत सगळ्यांना नवल वाटलं. कुणी म्हणालं, बाई म्हाताऱ्या झाल्या, आता निवड करवत नाही. कारण मला एकटीला माहीत होतं.

शाळा सुटली की पोरं बाईंकडे जायची. बाईंनी बाहेरच्या खोलीत मोठी सतरंजी घातलेली असे. आधी झोप. ज्याला झोप येणार नाही त्यानं नुसतं पडायचं. मग उठून चुरमुरे, मग कॅरम, आणि मग ज्याला जे विचारायचं असेल ते. शाळा आणि अकॅडमीच्या मधल्या वेळात ओजसही येऊन निजायचा, वैशालीच त्याला नवऱ्याला न सांगता पाठवायची. मुलं बाहेर काही बोलायची नाहीत, बाईंनी बजावलं नव्हतं तरी. जेवताना नितीन विचारायचा, "आज काय घेतलं बाईंनी?" मनवा म्हणायची, "अणू." ते खोटंही नव्हतं, तिनं तिची फरशी सोडली नव्हती. पोरगी खुशीत होती, अंगानं भरत होती, आणि मी रोज संध्याकाळी दाराची बेल वाजली की दचकत होते. हे टिकणार नाही, हे मला दिसत होतं.

टिकलं नाहीच. पहिली चाचणी झाली, मार्क जेमतेम. त्याच आठवड्यात जोराचा पाऊस आला म्हणून एका मुलाचे वडील छत्री घेऊन जरा लवकर बाईंकडे गेले. दार उघडंच होतं. सतरंजीवर ओळीनं झोपलेली पोरं, आणि बाई शेजारी बसून पंख्याचा वारा कुणाला लागत नाही ते बघताहेत. त्या गृहस्थांनी मुलाला उठवलं नाही, आधी मोबाइल काढला. फोटो कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, "आपली मुलं इथे काय शिकताहेत ते बघा." मी ऑफिसमध्ये होते. फोटोत मनवा उताणी झोपली होती, तोंड उघडं, एक हात शेजारच्या मुलीच्या पोटावर. किती गोड दिसत होती! आणि खाली एकामागून एक संतापलेल्या लोकांचे मेसेज येत होते.

संध्याकाळी सगळे बाईंच्या अंगणात जमले. नितीनही आला. कुणी आवाज चढवला नाही, सगळे सुशिक्षित लोक. ते जास्त भयंकर होतं. "बाई, तुम्ही नेमकं शिकवता काय?" असं त्या छत्रीवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"मी शिकवत नाही," बाई म्हणाल्या. "मी राखते."

"कुणापासून?"

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमच्यापासून," म्हणाल्या.

एकदम गलका झाला. त्यात वैशाली पुढे झाली. लिफ्टमध्ये फुशारक्या मारणारी वैशाली. "माझा ओजस इथेच झोपतो. घरी तो झोपत नाही. किती महिने झाले, घरी तो नुसता पडून असतो डोळे उघडे ठेवून." तिच्या नवऱ्यानं तिचा दंड धरला आणि तिला तिथून नेलं. मग कुणीतरी म्हणालं, हे आणखी कुणाकुणाला माहीत होतं? "कुणालाच नाही," बाई ताडकन म्हणाल्या आणि माझ्याकडे चुकूनही बघितलं नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "मला माहीत होतं." शेजारी उभा असलेला नितीन माझ्यापासून एक पाऊल बाजूला सरकला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल, पण मला ते पाऊल अजून दिसतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मी तिचा शत्रू आहे का गं?" भांडला असता तर मीही भांडले असते, मला भांडता चांगलं येतं. पण हा भांडतच नव्हता. शेवटी दिवाळीपर्यंत अकॅडमी, मग बघू, असं ठरलं. दिवाळीपर्यंत! काय होतंय तेवढ्यानं, असं मी मलाच समजावलं.

बाईंकडे पुढं कुणी आलं नाही. अनंतचतुर्दशी झाली आणि त्यांचा भाऊ पिकअप घेऊन सामान न्यायला आला. मी आणि मनवा त्यांना पोचवायला घोटीपर्यंत गेलो. भाताच्या गिरणीमागे भावाचं घर, मागच्या बाजूला बाईंना एक खोली दिलेली. निघताना बाईंनी मनवाची हनुवटी धरली. "अडलं की विचारत जा. तोंड शिवून बसू नको." मनवा "हो" म्हणाली. येताना एस.टी.त ती मला म्हणाली, "आई, बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं."

अकॅडमीत मनवानं तोंड शिवलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. प्रवेशाच्या परीक्षेत तिला इतके चांगले मार्क पडले की तिला सगळ्यात वरच्या बॅचमध्ये घातलं. नितीननं पेढे आणले. थोड्याच दिवसांत फोन आला, "मॅडम, मुलगी फार शंका विचारते. बॅचचा वेळ जातो." त्यांच्याकडे शंकांची पेटी होती. चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, शनिवारी उघडणार. मनवानं चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरं आली नाहीत. मग एक दिवस तिनं चिठ्ठ्या टाकणं बंद केलं. मग घरी बोलणं कमी झालं. मग झोपेत दात खायला लागली, कराकरा, शेजारच्या खोलीत मला ऐकू यायचं. नितीनलाही ऐकू येत असणार, पण तो कूस बदलायचा. आम्ही दोघं एकमेकांना "दिवाळीपर्यंत" एवढंच म्हणायचो.

नवरात्रात बाईंच्या भावजयीचा फोन आला. बाईंना झटका आला होता, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मनवाला सांगितलं नाही. तिची परीक्षा होती ना! परीक्षा असली की आपल्याकडे मरणसुद्धा मुलांपासून लपवतात, हे तर नुसतं आजारपण.

दिवाळीची सुटी लागायच्या आधीची गोष्ट. दुपारी नितीनच्या मोबाइलवर अकॅडमीचा मेसेज आला, आपली मुलगी आज गैरहजर आहे. त्याला वाटलं, मशीनची चूक असेल. त्यानं मला विचारलं, मी शाळेत विचारलं. शाळेतून ती वेळेवर निघाली होती. मग मैत्रिणी, मग मैदान, मग बाईंचं कुलूप लावलेलं घर. नितीन कारखान्यातून थेट गोदावरीच्या घाटावर गेला. पहिल्यांदा तो तिथेच का गेला, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. मी ओजसला विचारायला वैशालीकडे गेले तर तिनं मला धरलं आणि तीच माझ्याआधी रडायला लागली. त्या पोराच्या डोक्यावर तेव्हा घरातही टोपी होती.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंची भावजय. "ताई, तुमची पोर हितं आलीय. यष्टीनं एकलीच आली. बाईंच्या शेजारी निजलीय. जेवली नाय, बोलली बी नाय."

आम्ही दोघं मिळेल त्या एस.टी.नं निघालो. घोटीला उतरलो तेव्हा दिवे लागले होते, भाताच्या धुळीनं हवा जड झाली होती. बाईंना मी त्यानंतर पाहिलं नाही, भाताची कापणी उरकायच्या आत त्या गेल्या. त्या संध्याकाळी त्या भिंतीला टेकून बसवलेल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर निर्जीव. शेजारी मनवा शाळेच्या कपड्यांतच झोपली होती. डाव्या हातानं बाईंनी तिचं मनगट धरलं होतं.

नितीन वाकला. "मनवा, चल बाळा, घरी." मनवानं डोळे उघडले. बाईंची मूठ आवळली. भावजय पुढे झाली, "अवो सोडा बाई, तिचे आईबाप हायेत," म्हणून एकेक बोट सोडवायला लागली, पण त्या वाळक्या हातात कुठून बळ आलं होतं, देव जाणे. बाईंचे डोळे नितीनवर होते, नुसते त्याच्यावर. मी म्हटलं, "मनवा, दुखतंय का गं?" ती म्हणाली, "दुखतंय. पण राहू दे."

नितीन खाली बसला. "बाई, मी बोलेन त्यांच्याशी," म्हणाला. मूठ तशीच. "दिवाळीनंतर बघतो, बाई." मूठ तशीच. मग त्यानं मनवाकडे बघितलं, तिच्या डोळ्यांखाली बघितलं, मला वाटतं त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि माझा तो कारखान्यातला आडदांड नवरा दोन्ही हातांत तोंड झाकून ओक्साबोक्शी रडला. "नाही पाठवत," तो म्हणाला. "तिथे नाही पाठवत तिला. मागे राहिली तर राहू दे. बाई, नाही पाठवत."

तेव्हा कुठे बाईंची बोटं सुटली. मनवाच्या मनगटावर लालभडक वळ उठले होते. येताना एस.टी.त ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि नाशिक येईपर्यंत नितीन तिचा हात मांडीवर घेऊन ते वळ चोळत बसला होता.